पुढे सरकवलेला करंडा

संक्रांत झाल्यावरच्या शुक्रवारी आमच्याच इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर हळदीकुंकू होतं. मोठी आई, म्हणजे माझी थोरली काकू, तेव्हा माझ्याकडे होती. दर तीन आठवड्यांनी ती काटोलजवळच्या आमच्या गावाहून औषधासाठी नागपूरला येते, दोन-चार दिवस राहते आणि मोठेबाबांचा "तुह्याबिगर गाय पान्हावत नाही" असा फोन आला की परत जाते. घरात एकटी कशाला बसेल म्हणून तिला सोबत घेऊन गेले. हॉलमध्ये सतरंजी अंथरलेली, भाजलेल्या तिळाचा आणि नव्या साड्यांचा मिसळलेला वास, टीपॉयवर बोरं आणि ओल्या हरभऱ्याचे घाटे. यजमानीण एकेकीपुढे वाकून हळद लावत होती, कुंकू लावत होती, हातात वाण देत होती. यंदा स्टीलच्या गाळण्या होत्या. मोठ्या आईपुढे आली तेव्हा तिची नजर मोठ्या आईच्या हातांवर गेली. ती वाकली नाही. करंडा सतरंजीवरून हलकेच पुढे सरकवला आणि म्हणाली, "काकू, तुम्हीच लावून घ्या न." गाळणी तिनं हातात न देता बाजूला ठेवली.

मोठ्या आईनं लावून घेतलं. आधी हळद, मग कुंकू, मग मंगळसूत्राला बोट टेकवलं. रीतीप्रमाणे यजमानणीला उलट लावायला तिनं पुन्हा बोट कुंकवात बुडवलं आणि हात वर केला, तोवर ती पुढच्या बाईसमोर वाकलेली होती. ते बोट हवेत तसंच राहिलं. मग मोठ्या आईनं ते पदराच्या आतल्या काठाला पुसलं, कुणाला दिसू नये असं. मी पाहिलं.

त्या रात्री मला झोप आली नाही.

तिच्या हातांवर डाग आहेत. दिवाळीनंतर उजव्या अंगठ्याच्या मुळाशी पहिला दिसला, बोराएवढा. मग दोन्ही हातांच्या पाठी, मनगट, डावी भुवई. सावळ्या कातडीवर ते असे दिसतात की कुणीतरी चुन्याची बोटं टेकवली आहेत. आपल्याकडे त्याला कोड म्हणतात आणि तो शब्द म्हणताना आवाज आपोआप खाली जातो. कोड शिवल्यानं लागत नाही, हे शाळेत शिकलेल्या प्रत्येकीला ठाऊक असतं. त्या हॉलमधल्या बाराही बायकांना ठाऊक असणार. तरी करंडा सरकतो. मला त्या बाईला जिन्यात गाठून सांगायचं होतं की या डागांनंतर आम्ही पेढे वाटले होते. सांगितलं नाही. सांगायचं तर तळपायापासून सुरुवात करावी लागली असती.

तीन वर्षांपूर्वी तिच्या डाव्या तळपायाला, टाचेच्या जरा पुढे, एक काळा ठिपका आला. संत्र्याच्या बागेत आयुष्यभर अनवाणी चाललेली बाई. काटा मोडला असेल म्हणून तिनं सुईनं टोकरून पाहिलं. काटा निघाला नाही, तेव्हा भोवरी समजून बिब्बा तापवून लावला. ठिपका पसरला, कडा वेड्यावाकड्या झाल्या, एका बाजूला निळसर आणि दुसरीकडे तपकिरी रंग धरला. मग एका दवाखान्यात तो कुरूप म्हणून कापला गेला. परत आला. परत कापला गेला. कापलेला तुकडा दोन्ही वेळा कचऱ्यात गेला, तपासायला पाठवावा असं कुणाच्या मनात आलं नाही. ते मी अजून विसरू शकत नाही, कारण त्या तुकड्यात दीड वर्षं होती. मागच्या वर्षी होळीच्या सुमारास जांघेत अवधान आलं, म्हणजे गाठ सुजली. पायाला जखम असली की अवधान येतंच, असं म्हणून तिनं त्यावर गरम मिठाची पुरचुंडी शेकली. ते गेलं नाही तेव्हा मी तिला ओढून नागपूरला आणलं. बायोप्सीच्या कागदावर शब्द होता मेलानोमा, कातडीचा एक कॅन्सर. स्कॅनमध्ये फुफ्फुसांत चार ठिपके.

मेलानोमा म्हणजे उन्हात भाजणाऱ्या गोऱ्या लोकांचा रोग असंच मी समजत होते. नागपुरात राहून उन्हाशी आपलं काय नातं असतं ते वेगळं सांगायला नको. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की कूलरची टाकी दिवसातून दोनदा भरायची आणि दुपट्टा डोक्याला गुंडाळून बर्डीच्या बाजारात जायचं. पण मोठ्या आईचा रोग शरीराच्या अशा जागी उगवला होता जिथं ऊन कधी पोचतच नाही. आपल्यासारख्या सावळ्या लोकांत हा कॅन्सर बहुतेकदा तळपाय, तळहात, नखाखालची जागा असाच कोपरा निवडतो. उन्हानं बिघडलेल्या पेशींत जनुकांच्या चुका पुष्कळ असतात, त्यामुळे शरीराच्या शिपायांना त्या परक्या म्हणून ओळखता येतात. तळपायाच्या मेलानोमात चुका कमी, म्हणून ओळखही कठीण. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी हे न लपवता सांगितलं. औषध आहे, पण परदेशातल्या गोऱ्या रुग्णांत ते जितकं चालतं तितकं इथं चालेल असा शब्द देत नाही, म्हणाले.

मग त्यांनी प्रिस्क्रिप्शनच्या मागच्या कोऱ्या बाजूला चित्र काढलं. एक मोठा खडबडीत गोळा, त्याच्याभोवती लहान लहान गोल. हे लहान गोल म्हणजे टी पेशी, बिघडलेली पेशी शोधून मारणाऱ्या. त्या पोचलेल्या आहेत, गाठीच्या आतसुद्धा शिरल्या आहेत, पण काम करत नाहीत. महिनोन्‌महिने तोच शत्रू समोर राहिला की त्या दमतात. आधी नवीन सोबती तयार करण्याचा निरोप पाठवणं थांबतं, मग एकेक हत्यार खाली पडतं. शेवटी त्या नुसत्या बसून राहतात, जिवंत, शत्रूला खेटून. शास्त्रात या अवस्थेला थकवाच म्हणतात. मोठेबाबा टोपी मांडीवर ठेवून ऐकत होते. त्यांनी चित्राकडे पाहिलं आणि म्हणाले, "म्हंजे बैल बसला म्हना न, डॉक्टरसाहेब."

डॉक्टर काटोलकडचे नव्हते, त्यांना कळलं नसावं. मला कळलं.

मी आठ-नऊ वर्षांची असेन. मृग लागायच्या आधी शेतात वखर चालला होता आणि लाल्या नावाचा आमचा बैल वखराच्या ओळीतच बसला. मेलेला नव्हता. डोळे उघडे, तोंडाला फेस, कुशी भात्यासारख्या हलत होत्या. सालदारानं शेपटी पिळली, तुतारी म्हणजे टोकदार काठी टोचली, शिव्या दिल्या. लाल्यानं मान फक्त एकदा वळवली. बांधावरून मोठेबाबा धावत आले, सालदाराच्या हातातली तुतारी काढून घेतली, शिवळा उपसल्या आणि जू उतरवलं. मानेवर जिथं जू घासतं तिथं कातडी सोलून ओली झाली होती. त्यांनी बादलीभर पाणी पाजलं आणि बाभळीच्या सावलीत तसंच बसू दिलं. तिन्हीसांजेला लाल्या आपणहून उठला, अंग झाडलं आणि गोठ्याकडे चालायला लागला. "मारून नाही उठत तो," मोठेबाबा सालदाराला म्हणाले होते, "त्याच्या मानेवरचं उतरव." त्यांनी हेही सांगितलं होतं की बैल आळसानं बसत नाही. बसला नाही तर ऊर फुटून मरेल, हे त्याच्या शरीराला कळतं म्हणून बसतो.

पुढचे कित्येक आठवडे, रुग्णालयाच्या डे-केअर वॉर्डात खुर्चीत ती आणि स्टुलावर मी असे बसलो असताना, मोबाइलवर वाचताना हा लाल्या माझ्यासमोर उभा राहायचा. टी पेशीवर एक कळ असते, पीडी-१ म्हणजे प्रोग्राम्ड डेथ-१ नावाची. क्योटोमध्ये तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेत ती १९९२ साली सापडली. पेशी मरताना कोणती जनुकं जागी होतात हे ते लोक शोधत होते, म्हणून नावात डेथ आला, आणि पुढं कळलं की ही मरणाची कळ नव्हेच, आवरण्याची आहे. ज्या उंदरांत ती मुळातच नव्हती त्यांच्या शिपायांनी कालांतरानं स्वतःच्याच शरीरावर हल्ला केला. म्हणजे ही कळ आपल्या भल्यासाठीच आहे, ऊर फुटू नये म्हणून बसवणारी. कॅन्सरची गाठ लबाड असते, ती याच कळीवर बोट दाबून धरते. अमेरिकेत जेम्स अ‍ॅलिसन अशाच दुसऱ्या एका कळीवर, सीटीएलए-४ वर, काम करत होते. ती अडवली तर उंदरातल्या गाठी विरघळतात, हे त्यांच्या गटानं १९९६ मध्ये दाखवलं. दोघांना २०१८ चं नोबेल मिळालं. पण मला जास्त जवळचं वाटलं ते रफी अहमद यांचं काम. हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात शिकलेला हा माणूस अटलांटाच्या एमरी विद्यापीठात जुनाट विषाणूंनी ग्रासलेल्या उंदरांतल्या दमलेल्या टी पेशी तपासत होता. २००६ मध्ये त्यांच्या गटानं दाखवलं की पीडी-१ चा मार्ग अडवला तर त्या दमलेल्या पेशी पुन्हा कामाला लागतात. बसलेला बैल मेलेला नसतो, हे कुणीतरी प्रयोग करून सिद्ध केलं होतं.

मोठ्या आईला देत होते त्या, पीडी-१ अडवणाऱ्या औषधाची गंमत अशी की ते कॅन्सरला हातही लावत नाही. केमोसारखं ते जाळत नाही. अर्ध्या तासाचं सलाईन, पाण्यासारखं स्वच्छ, आणि ते जाऊन फक्त मानेवरचं जू उतरवतं. पुढचं काम तिचंच शरीर करतं. मोठ्या आईला मी हे सांगितलं तेव्हा तिनं बाटलीकडे जरा आदरानं पाहिलं. एकदा तिला जिमी कार्टर यांची गोष्ट सांगितली. भुईमुगाची शेती असलेल्या घरातला माणूस, अमेरिकेचा अध्यक्ष झाला, नव्वदाव्या वर्षी मेलानोमा यकृतात आणि मेंदूत पोचलेला. २०१५ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी ते जगाला सांगितलं, त्याच एमरीत शस्त्रक्रिया झाली, रेडिएशन आणि हेच औषध घेतलं, आणि डिसेंबरात स्कॅन स्वच्छ आला. पुढं शंभरी पार करून २०२४ च्या अखेरीस गेले. "भुईमूग?" एवढंच तिनं विचारलं, "खरिपाचा का उन्हाळी?"

सगळ्यांचं असं होत नाही. ही औषधं यायच्या आधी, म्हणजे २०११ पूर्वी, पसरलेल्या मेलानोमाचे निम्म्याहून जास्त रुग्ण वर्षही काढत नसत. आता दोन्ही कळी अडवणारी औषधं एकत्र घेतलेल्यांपैकी १० वर्षांनंतर ४३ टक्के लोक जिवंत होते, असं एका मोठ्या चाचणीत दिसलं. हा आकडा मी कितीदा वाचला असेल. कधी त्यातले ४३ दिसतात, कधी उरलेले ५७. आणि ती चाचणी तळपायाच्या काळ्या ठिपक्यांची नव्हती, हे आठवलं की आकडा हातातून निसटतो. शिवाय सगळे बैल उठत नाहीत. फार दिवस दमलेल्या पेशींच्या जनुकांवरच त्या दमण्याची खूण उमटते, जू उतरवलं तरी ती पुसली जात नाही. उठतात त्या मुख्यतः मागे राखीव राहिलेल्या, अजून पुरत्या न दमलेल्या पेशी. त्याच वाढतात आणि नवी फळी उभी करतात. मोठेबाबांच्या भाषेत सांगायचं तर गोठ्यात गोऱ्हे शिल्लक आहेत का, यावर सगळं आहे. मोठ्या आईच्या गोठ्यात किती, हे मोजायची सोय आमच्याकडे नव्हती.

पैशांचं लिहायला मन घेत नाही, पण न लिहिणं खोटं होईल. एका डोसाची किंमत ऐकून मोठेबाबांनी पुन्हा विचारलं होतं, "महिन्याचं का सालाचं?" पहिल्या डोसांपायी आंबिया बहार ठेकेदाराला फुलोऱ्यातच देऊन टाकला, मिळेल त्या भावानं. मग नदीकाठचे दोन एकर गेले. पुढचे डोस एका योजनेतून मिळाले म्हणून ही गोष्ट मी आज लिहू शकते. डे-केअरमध्ये शेजारच्या खुर्चीत जबड्याच्या कॅन्सरचा, तंबाखू-सुपारीचा खर्रा खाऊन तोंड उघडेनासं झालेला एक पोरगा असायचा. त्याला याच जातीचं औषध अगदी कमी मात्रेत देत होते. मुंबईच्या टाटा रुग्णालयानं डोक्या-मानेच्या कॅन्सरात नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी, फक्त २० मिलिग्रॅम निव्होलुमॅब केमोच्या गोळ्यांच्या जोडीला देऊन पाहिलं, तर वर्षानंतर जिवंत असणाऱ्यांचं प्रमाण १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेलं. आपल्या देशातल्या डॉक्टरांनी आपल्या लोकांच्या खिशाकडे पाहून केलेला हा अभ्यास मला फार मोठा वाटतो. मेलानोमासाठी तो पुरावा नाही. तरी तो पोरगा खुर्चीत बसलेला दिसला की मला बरं वाटायचं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी मी गावाला गेले होते. खांदशेकणी होती. मोठेबाबा पळसाच्या पानानं बैलांच्या खांद्याला तूप आणि हळद चोळत होते, जुवाखाली घट्टा पडलेली ती जागा बोटांनी दाबत, गोल गोल. "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या," असं प्रत्येकाच्या कानात म्हणत होते. मोठी आई ओसरीवर बसून बघत होती. तेव्हा तिची तब्येत वाईट होती. औषधानं उठवलेले शिपाई थायरॉइडच्या ग्रंथीवरही तुटून पडले होते. तिला ऑगस्टात थंडी वाजायची, आवाज जड झाला होता, पायऱ्या चढताना ती मध्येच थांबायची. आवर काढला की असं होतं. कुणाची आतडी सुजतात, कुणाचं यकृत, कुणाचं फुफ्फुस, मग स्टेरॉइड देऊन पुन्हा बसवावं लागतं. तिचं थायरॉइडवर निभावलं, आता रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी, जन्मभराची. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे पोरं काळी-पिवळी मारबत, इडापिडा घेऊन जा म्हणत मिरवतात ते पुतळे, बघायला नागपूरला निघाली तेव्हा तिनं ओसरीवरूनच ओरडून सांगितलं, "माह्याही नावानं बोंबला रे, घेऊन जा म्हना!"

आणि दिवाळीनंतर ते डाग.

मी घाबरले होते. नवीनच काहीतरी सुरू झालं असं वाटलं. डॉक्टरांनी तिचा हात हातात घेतला, खिडकीच्या उजेडात धरला, निळा दिवा लावून पाहिला आणि पहिल्यांदाच मला त्यांच्या चेहऱ्यावर हसू दिसलं. मेलानोमा ज्या पेशींपासून होतो त्या मुळात कातडीला रंग देणाऱ्या पेशी. कॅन्सरच्या आणि चांगल्या रंगपेशींच्या अंगावर काही खुणा सारख्याच असतात. उठलेले शिपाई त्या खुणा हुंगत गाठीवर गेले आणि वाटेत हातावरच्या बिचाऱ्या निर्दोष रंगालाही मारून टाकलं. ज्या रुग्णांना असे डाग येतात त्यांच्यात औषध जास्त चांगलं चालताना दिसतं. "खूण चांगली आहे, हमी नाही," ते म्हणाले. त्यानंतरच्या स्कॅनमध्ये चारपैकी एक ठिपका दिसेनासा झाला होता, तीन लहान झाले होते. म्हणून पेढे. मोठ्या आईनं स्वतः वाटले, डागांच्याच हातांनी, आणि गावात सगळ्यांनी घेतले. म्हणूनच कदाचित मला तिसऱ्या मजल्यावरच्या त्या करंड्याची सवय नव्हती.

त्या रात्री मी तिच्या शेजारी गादीवर पडून होते. तिलाही झोप नव्हती, बांगड्या वाजत होत्या. मी म्हटलं, उद्या जाऊन सांगते तिला काय असतं ते. मोठी आई म्हणाली, "कायले रागावतं व? तिच्या पोरीचं पाहून राह्यले ना ते लोकं." बराच वेळ पंख्याचा आवाज ऐकू येत होता. मग तिनं मला सावनेरची आठवण काढून दिली. मी विसरूनच गेले होते. दादाचं लग्न जमत होतं तेव्हा आम्ही सगळे जीपनं सावनेरला मुलगी पाहायला गेलो होतो. मुलगी बारावी झालेली, बोलायला मोकळी, दादाला आवडली होती. पोहे झाले, चहा झाला. मुलीची आई आतल्या खोलीतून बाहेर आलीच नाही. पाणी प्यायच्या निमित्तानं मोठी आई आत जाऊन आली. परतताना जीपमध्ये तिनं एकच वाक्य म्हटलं होतं, "मायले कोड आहे, नको." कुणी पुढं बोललं नव्हतं. मीसुद्धा नाही. मी तेव्हा कॉलेजात सायन्सला होते.

"मी तर पानीबी नाही पेली तिच्या हातचं," मोठी आई अंधारात म्हणाली. "गिलास घेतला अन् तसाच ठेवला."

मला काय बोलावं सुचलं नाही. तिचा हात माझ्या हातात होता. अंधारात डाग हाताला लागत नाहीत. तिथं कातडी जरा मऊ असेल असं मला उगाच वाटत होतं, पण सगळीकडे ती सारखीच खरखरीत होती.

सोमवारी सकाळी आम्ही डोससाठी गेलो. नर्सनं तिची नस शोधायला तोच उजवा हात निवडला, डागाच्या मधोमध, कारण पांढऱ्या जागी निळी नस स्पष्ट दिसते. सलाईन सुरू झालं. लुगडं तेच होतं, हळदीकुंकवाचं. पदराच्या आतल्या काठावर कुंकवाचा ठिपका सुकून तपकिरी झाला होता. ती बाटलीतले थेंब मोजत असावी असं मला वाटलं. मग माझ्याकडे न पाहता तिनं विचारलं, "ते सावनेरची पोरगी, कुठं देली असन व तिले?"

मला माहीत नव्हतं. मी दादाला फोन लावला.